साहसकथेतले कुठले सीन काढायचे, कसं ठरवता? (58 हजार शब्दांचे 35 हजार करायचेत)

शिवडीकर_मुलगी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडलेय म्हणून धागा काढतेय. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी साहसकथा लिहिलीये, पहिला खर्डा 58 हजार शब्दांचा झालाय. एका प्रकाशकांना आवडली पण ते म्हणाले 35 हजारांच्या वर नको, पुस्तक जाड झालं की किंमत चढते आणि आईबाप हातात घेऊन परत ठेवतात. मला पटलं ते. म्हणजे आता इकडचं विशेषण तिकडचं वाक्य छाटून भागणार नाही, आख्खे सीन उचलावे लागणार, आणि तिथेच हात थांबलाय.

गोष्ट अशी. साल 1994, एप्रिल महिना. शिवडीच्या बीडीडी चाळीतली तीन मुलं, मंदा, दत्तू आणि फिरोज. मंदाचे आजोबा गोदीतून रिटायर झालेले. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या एका जहाजात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा सगळं एकत्र भरलेलं होतं. दुपारी आग लागली, चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा, शेजारचं जहाज उचललं जाऊन धक्क्यावरच्या शेडवर पडलं, अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, हादरा पार सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. विटा उडून कुठे कुठे पडल्या, काही तर कितीतरी वर्षांनी गोदीतला गाळ उपसताना सापडल्या. माझ्या गोष्टीत आजोबांच्या मोठ्या भावाला मलबा उपसताना एक वीट मिळते, तो घाबरून ती शिवडीच्या खाडीत एका तुटक्या दगडी खांबाच्या पायथ्याशी चिखलात पुरतो आणि कुणाला न सांगता वारतो. पन्नास वर्षांनी मुलांना ट्रंकेत त्याची चिठ्ठी मिळते.

आता सीन. सुरुवातीला 1944 चा स्फोट, हाच सहा हजार शब्द आहे, यासाठी मी दोन वर्षं वाचन केलंय. मग शाळा आणि परीक्षा. मग चिठ्ठी सापडते. मग आजोबा गच्चीवर स्टोव्हवर बोंबील भाजून मुलांना भाकरीबरोबर खायला घालतात तो सीन. भंगारवाल्याची माणसं मुलांच्या मागे लागतात, रे रोडपासून कॉटन ग्रीनपर्यंत हार्बर लाइनच्या लोकलमध्ये पाठलाग. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने खाडीपलीकडे उरणजवळच्या मोरा बंदराला जाऊन एका म्हाताऱ्या पाणबुड्याला भेटणं. दारूखान्यात, म्हणजे जहाजं तोडतात त्या धक्क्यावर, तोडायला आणलेल्या जहाजाच्या पोटात लपून काढलेली रात्र. शिवडीच्या किल्ल्यात लपून काढलेली रात्र. आणि शेवटी हनुमान जयंतीच्या रात्री बारा वाजता, पौर्णिमेच्या चांदण्यात, चिखलात उतरून वीट शोधणं, तिथे भंगारवाला येतो, मारामारी, शेवट.

मी आधी ठरवलं होतं की शांत सीन काढायचे आणि थरारक ठेवायचे. त्याप्रमाणे शाळा काढली, गच्ची काढली. वाचून बघितलं तर नुसती पळापळ वाटली, मंदासाठी जीव खालीवर होईना. काय चुकतंय?

कटिंग_टेबल

ताई, मी गोरेगावला मालिकांच्या एडिटला बसतो, अकरा वर्षं झाली, लिहिणारा नाही पण काढणारा नक्की आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे एपिसोड बावीस मिनिटांचा पाहिजे असतो आणि शूट होऊन येतो एकतीस, त्यामुळे रोज हेच चालतं. सीन थरारक आहे का शांत आहे हे आम्ही बघतच नाही. मी त्याच्या आधीचा सीन आणि नंतरचा सीन शेजारी शेजारी लावतो आणि मधलं न बघता सलग बघतो. काही अडलं नाही, कुणी अचानक कुठून आला असं वाटलं नाही, तर मधला सीन गेला, मग त्यात हेलिकॉप्टर असेल तरी गेला.

तुमचा गाडीचा पाठलाग बघा या नजरेने. मुलं रे रोडला चढली, पळाली, कॉटन ग्रीनला उतरली आणि निसटली. चढताना त्यांच्याकडे चिठ्ठी होती, उतरतानाही आहे. चढताना त्यांना जे माहीत होतं तेच उतरताना माहीत आहे. कुणाला लागलं नाही, कुणी कुणावर रागावलं नाही, काही हरवलं नाही. जशी गेली तशी बाहेर आली. हा सीन उद्या फाटून गेला तर पुढच्या एकाही पानाला कळणार नाही. प्रत्येक सीनचं एक कार्ड करा, जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे केलंत तरी चालेल, त्यावर दोनच ओळी लिहा, आत जाताना मुलांकडे काय होतं आणि बाहेर येताना काय आहे. वस्तू, माहिती, जखम, भांडण, भीती, काहीही चालेल. दोन्ही ओळी सारख्या आल्या की ते कार्ड बाजूला.

दुसरं म्हणजे दारूखाना आणि किल्ला दोन्हीकडे मुलं लपून रात्र काढतात. एकाच कामाला दोन माणसं लावलीत. मी दारूखाना ठेवीन, किल्ल्यात लपलेली मुलं वाचकाने खूप पाहिलीत, अर्ध्या कापलेल्या जहाजाच्या पोटात कोण लपलेलं पाहिलंय? वर प्लेटा कापलेल्या, आभाळाचा चौकोन दिसतो, आत तेलाचा वास, हे फक्त तुमच्या गोष्टीत आहे.

मोऱ्याची लाँचपण काढा. पण थांबा, इथे एक गडबड होते ती सांगतो. सीन काढला की त्यातलं एखादं सामान पुढे लागतं. पाणबुड्याने मुलांना काय सांगितलं? ते पुढे वापरलंय ना? मग आधी ते सामान दुसऱ्या कुणाच्या खिशात ठेवा आणि मगच सीन उचला, नाहीतर शेवटच्या प्रकरणात मुलांना ते आपोआप माहीत असतं आणि वाचक म्हणतो हे कधी झालं. आमच्याकडे या चुका रोज होतात, मग डबिंगमध्ये पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी वाक्य घुसवावं लागतं.

आणि काढलेलं डिलीट करू नका. वेगळी फाइल करा, तिला नाव द्या, तारीख टाका. परत आणता येतं हे माहीत असलं की हात चालतो.

पुस्तकवेडा_नायगाव

मला नाही पटलं. मी एकोणीसचा आहे, म्हणजे अशी पुस्तकं वाचायचं सोडून फार वर्षं नाही झाली, आणि मला आठवतात ते पाठलागच आठवतात. हार्बरची गाडी, दरवाजात लटकणं, मधे रुळांवरून उडी, हे काढलं तर मुंबईतली साहसकथा कशाला म्हणायची. सगळ्याच गोष्टीत काहीतरी बदललं पाहिजे असं कशाला? कधी कधी नुसतं पळायलाही मजा येते. उलट तो सहा हजार शब्दांचा इतिहास काढा, शाळेत पुरे झाला तो.

बाई_सहावी_ब

मी परळच्या बाजूला पालिकेच्या शाळेत शिकवते. शेवटच्या तासाला मुलं दमलेली असतात म्हणून मी गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचते, रोज वीस मिनिटं, गेली चौदा वर्षं. त्यातून जे दिसलं ते लिहिते.

मुलं कंटाळली की बोलत नाहीत. आधी पाय हलायला लागतात. मग कुणीतरी पाण्याची बाटली उघडतं, झाकण लावतं, परत उघडतं. मी पेन्सिल हातात ठेवते आणि बाटलीचा आवाज आला की समासात बारीक टिंब करते. वर्षभराने ते पुस्तक चाळलं की टिंबं कुठे दाटलीत ते दिसतं, आणि मला सुरुवातीला धक्का बसला होता, टिंबं वर्णनाच्या पानांवर कमी आणि मारामारीच्या पानांवर जास्त. पहिली मारामारी डोळे मोठे करून ऐकतात, दुसरीला बरं, तिसरीला बाटली. कारण त्यांना कळलेलं असतं की हिरो काय मरत नाही. पुस्तकवेडा दादाचं म्हणणं खोटं नाही, पळायला मजा येतेच, पण मजा यायला मुलांना एकाची तरी काळजी वाटावी लागते आणि ती काळजी पळताना तयार होत नाही, ती आधी कुठेतरी तयार झालेली असावी लागते.

म्हणून मला तुमच्या गच्चीच्या सीनची फार काळजी वाटली. तो काढू नका हो. एकदा वेळ कमी होता म्हणून मी एका गोष्टीतला जेवणाचा भाग गाळून पुढे गेले, पानभराचाच होता, सगळी भावंडं एका ताटात जेवतात एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यातला एक भाऊ हरवतो तो भाग आला आणि वर्ग थंड. मला कळेना. मधल्या सुट्टीत पुस्तक टेबलावर राहिलं होतं, एका मुलीने ते चाळून तो गाळलेला भाग वाचला आणि मला येऊन म्हणाली, बाई, हा तोच का जो शेवटचा घास धाकटीला देतो, तुम्ही सांगितलंच नाही. परत जाऊन वाचला, मग हरवायचा भाग परत वाचला, आणि या वेळी पाय हलले नाहीत.

कटिंग टेबल दादांच्या कार्डावर हा सीन टिकतो का? टिकतो, फक्त बाहेर येताना वस्तू नसते, आजोबांबद्दलची माया असते, ती लिहा कार्डावर. ज्या सीनमधून काहीच येत नाही आणि ज्यातून येतं ते डोळ्याला दिसत नाही, या दोन गोष्टी एक नाहीत.

जमलं तर खर्डा दहाबारा मुलांना वाचून दाखवा. त्यांना आवडलं का असं विचारू नका, सगळी हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी विचारा, काल काय झालं सांग. ते जे गाळून सांगतात ते तुम्हालाही गाळता येईल.

खाडीवाला

आम्ही मूळचे कोळी, वडील शिवडी ट्रॉम्बेच्या पट्ट्यात मासेमारी करायचे, मीपण लहानपणी त्यांच्याबरोबर चिखलात उतरलोय. लिखाणातलं मला कळत नाही पण तुमचा शेवटचा सीन होऊच शकत नाही आणि हे आधी सांगितलं पाहिजे.

पौर्णिमेला रात्री बारा वाजता शिवडीला चिखल नसतो, पाणी असतं. पूर्ण भरती. आमच्याकडचा हिशेब असा, तिथीला पाऊणपट करायचं की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे सव्वा अकरा बाराच्या आसपास पाणी भरलेलं, दुपारीही आणि रात्रीही, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, त्याच्या मधोमध, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच सहाला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तेव्हा उलट होतं, बाराला सुकती. रोज पाऊण तासाने वेळ पुढे सरकते. आता पंचांगातली तिथी आणि घड्याळ तंतोतंत जुळत नाहीत, थोडं मागेपुढे होतं, पण मध्यरात्रीची पौर्णिमा आणि कोरडा चिखल हे नाहीच. वाचणाऱ्यांत एक जरी मुलगा कोळीवाड्यातला निघाला तरी तो पुस्तक मिटेल.

अष्टमीला हलवाल तर सुकती बाराला मिळेल, पण ते भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट, ओहोटीला फार लांब जात नाही, तुमचा खांब लांब असेल तर उघडाच पडणार नाही. शिवाय चंद्र त्याच सुमाराला मावळतो.

माझं ऐकाल तर हनुमान जयंतीच ठेवा आणि रात्र काढून टाका. संध्याकाळी साडेपाचला मुलं उतरू देत. चाळीतली मोठी माणसं देवळात, पालखीची गडबड, कुणाचं लक्ष नाही. उधाणाची सुकती असल्यामुळे पाणी लांब गेलेलं, खांब उघडा. सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणजे दीड तास उजेड. आणि मावळता मावळता समोर खाडीपलीकडच्या न्हावा गावाच्या बाजूने पूर्ण चंद्र वर येतो. चांदणं पाहिजे होतं ना, मिळालं. फक्त त्या वेळेपर्यंत पाणी फिरलेलं आहे.

आता पाणी कसं येतं ते सांगतो. लोकांना वाटतं समुद्राकडून लाट येईल, आपल्याला दिसेल, आपण पळू. तसं नसतं. चिखलात नाळी असतात, वाकड्यातिकड्या, सुकतीला त्यात घोट्याएवढं पाणी. भरती आधी त्या नाळीतून शिरते. तुम्ही समोर बघत उभे राहता आणि तुमच्या पाठीमागची नाळ, जी येताना उडी मारून ओलांडली होती, ती भरलेली असते. पहिल्या तासात पाणी हळू चढतं, त्यामुळे माणूस गाफील राहतो. तिसऱ्या चौथ्या तासात सगळ्यात जोर. उधाणाला सुकती आणि भरतीत चार मीटरच्या वर फरक असतो, म्हणजे मुलं जिथे उभी होती तिथे दोन पुरुष पाणी.

चिखलात पाय मांडीपर्यंत गेला तर ओढायचा नाही. ओढला की दुसरा जास्त जातो. टाच गोल गोल हलवायची, बाजूने पाणी हवा आत शिरते, सैल होतं, मग उचलायचा. जमलं नाही तर आडवं पडायचं आणि पोटावर सरकायचं. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि छातीपर्यंत चिखल लागलेला होता.

वीटपण बघा. सोन्याची अशी वीट बारा किलोच्या वर असते. घरच्या सिलिंडरमधला गॅस 14.2 किलो असतो, त्याहून थोडी कमी, पण आकाराने आपल्या साध्या विटेपेक्षाही लहान. बारा वर्षांचा मुलगा ती दप्तरात घालून त्या चिखलातून चालला तर प्रत्येक पावलाला जास्त रुतणार.

एवढं सगळं असताना तिथे भंगारवाला कशाला पाहिजे?

कटिंग_टेबल

दादा, शेवटचं वाक्य. मी कार्डं सांगत बसलो आणि तुम्ही एका वाक्यात मारामारी काढलीत. ताई, भंगारवाला दारूखान्यातच संपवा.

शिवडीकर_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस कार्डं मांडून बसले होते, आज लिहिण्यासारखं काहीतरी झालंय.

गाडीचा पाठलाग गेला. पुस्तकवेडा, तुझं वाचून तो एक दिवस परत ठेवला होता, पण भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना वाचून दाखवला, दुसऱ्या दिवशी काल काय झालं सांग म्हटलं तर पाचपैकी चौघींनी पाठलाग सांगितलाच नाही, पाचवीने सांगितला तो दारूखान्यात झाला म्हणून सांगितला. किल्ला गेला, तो काढताना फार वाईट वाटलं, मी त्याच्या सावलीत वाढलेय. लाँच गेली. पाणबुड्याने खांबाची खूण सांगितली होती, ती आता आजोबाच गच्चीवर सांगतात, त्यांना ती खूण आहे हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं आपण भावाची आठवण सांगतोय, की तो संध्याकाळी जाऊन त्या तुटक्या खांबाकडे बघत बसायचा. मंदाला तिथेच कळतं. म्हणजे बाई, तुमचा सीन राहिला आणि त्याच्या खिशात सामानही आलं.

शाळाही गेली, एक ओळ ठेवली, पेपर संपले.

सगळ्यात अवघड 1944. दोन वर्षं वाचलेलं, सहा हजार शब्द, त्यातला एकही मला फालतू वाटत नाही. पण खरं सांगायचं तर तो सीन मुलांसाठी नव्हता, त्या 66 जणांबद्दल कुणीतरी लिहावं म्हणून मी लिहिला होता आणि त्याचं वजन मी तीन पोरांच्या गोष्टीवर टाकत होते. त्याचा वेगळा लेख करणार आहे, तो त्यांच्याबद्दलच असेल. इथे कादंबरीत त्यातलं एकच वाक्य उरलंय. गच्चीवर फिरोज विचारतो, आजोबा तुम्ही बघितलं का हो, तेव्हा ते बोंबील उलटता उलटता म्हणतात, "आम्ही सगळे बाहेर पळत होतो आणि बंबवाले आत." आणि पुढचा बोंबील स्टोव्हवर ठेवतात.

शेवट पूर्ण बदलला. संध्याकाळी साडेपाच. वीट सापडते, दत्तू ती दप्तरात घालतो, मागची नाळ भरलेली असते आणि दत्तू रुततो. दप्तर सोडायला तयार नसतो, मंदा त्याला टाच फिरवायला सांगते, फिरोज दप्तराचा पट्टा कापतो. वीट तिथेच राहते. मला वाटलं होतं विटेशिवाय शेवट पोकळ वाटेल. नाही वाटला.

आत्ता 36 हजार 400 वर आहे, अजून थोडं आहे. खाडीवाला दादा, एकच विचारायचंय. पाणी फिरलं हे अंधार पडायच्या आधी मुलांना कशाने कळेल? दिसण्याआधी. मी जेट्टीवर दोनदा जाऊन उभी राहिले पण कळलं नाही.

खाडीवाला

जेट्टीवरून नाही कळत, वर वारा असतो. खाली उतरायला लागतं, आणि एकटीने उतरू नका, कुणीतरी तिथलं बरोबर घ्या.

खेकड्यांची भोकं असतात चिखलात, हजारो. सुकतीला खेकडे बाहेर असतात, पंजे हलवत, पूर्ण पट्टा बारीक हलताना दिसतो. पाणी फिरलं की ते भोकात शिरायला लागतात. पाणी नजरेला पडायच्या आधी. मग भोकात पाणी शिरतं आणि हवा बाहेर येते, त्याचा आवाज येतो, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा, सगळीकडून. वडील बोलता बोलता गप्प व्हायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, चल.

मंदाला तो आवाज आधी ऐकू येऊ दे. मुलं वीट उकरत असतील तेव्हाच.